मागची खिडकी

नारायण पेठेतल्या आमच्या घराला एकंदर चौदा खिडक्या आहेत आणि त्यांपैकी नऊ उघडतात. उरलेल्या पाच उघडत नाहीत याचं घरात कुणाला कधी वाईट वाटलेलं नाही. पाहुण्यांना मात्र फार वाटतं. पाहुणा बाह्या सरसावतो, "हात्तिच्या! एक धक्का दिला की झालं," म्हणतो आणि झडपेला खांदा लावतो. जुन्या खिडकीचे गज बाहेरच्या अंगाला असतात आणि झडपा आत उघडतात, हे त्या बापड्याच्या लक्षात येत नाही. आत ओढायची वस्तू अर्धा तास बाहेर ढकलून तो घामाघूम होतो, चहा घेतो आणि पुण्याच्या हवेला नावं ठेवत निघून जातो.

मुळात पेशवाईतल्या वाड्याला बाहेरच्या खिडकीचं फारसं कौतुक नव्हतं. रस्त्याच्या बाजूला भक्कम भिंत आणि दिंडीदरवाजा; उजेड-वारा काय तो आतल्या चौकातून घ्यायचा. रस्त्यावर खिडकी म्हणजे चोराला आमंत्रण आणि शेजाऱ्याला करमणूक. मग १८९७ साली पुण्यात प्लेग आला. रँडसाहेबाच्या प्लेग कमिटीचे सोजीर घराघरांत शिरून तपासणी करू लागले, आणि २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकरांनी काय केलं ते आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेलं आहे. पण त्या साथीनं आणखी एक गोष्ट केली, ती पाठ्यपुस्तकात नसते. कोंदट, काळोखी खोली ही रोगाचं माहेरघर आहे असं लोकांच्या डोक्यात बसलं. मुंबईत १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि दोन इमारतींत किती अंतर ठेवलं तर खालच्या खोलीत उजेड पोचेल, यासाठी त्यानं पुढे साडेत्रेसष्ट अंशांचा कोन मुक्रर केला. आमच्या पणजोबांना कोनाबिनाची माहिती नव्हती. त्यांनी गवंडी बोलावला आणि चारही भिंतींना दिसेल तिथे भोकं पाडून घेतली. चौदा खिडक्या त्या अशा.

(विलायतेत याच्या बरोबर उलट झालं होतं. तिथे १६९६ पासून १८५१ पर्यंत चक्क खिडक्यांवर कर होता, आणि तो चुकवायला लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या. आम्ही पाच खिडक्या कसलाही कर नसताना बुजवल्या.)

यंदा आत्याचा दमा बळावला. वय ब्याऐंशी. डॉक्टरांनी मधल्या खोलीत एकदा दीर्घ श्वास घेतला आणि सांगितलं, "यांची कॉट मागच्या खोलीत न्या आणि तिथली खिडकी उघडा." आत्या ताडकन् म्हणाली, "कॉट न्या. खिडकी नको." का, ते सांगेना. आत्यानं 'नको' म्हटल्यावर का विचारायचं नाही, ही आमच्या घरची घटना आहे. पण रात्री तिच्या छातीची घरघर माडीवर ऐकू यायची. मी मिस्त्रींना बोलावलं.

मिस्त्रींनी आधी हातोडी काढलीच नाही. नुसते बोटानं कडेकडेनं टकटक करत राहिले. जुनं सागवान फुगतं, ते म्हणाले, पण रुंदीला. लांबीला जवळजवळ नाहीच. म्हणून पावसाळ्यात झडपा मधोमध एकमेकींना चिकटतात. अशा वेळी रंधा मारणारा सुतार हा सुतारच नव्हे. श्रावणात तासलेली झडप वैशाखात बोटभर फट सोडते. उन्हाळ्याची वाट बघावी, सांध्यावर मेणबत्ती घासावी, बिजागरीला तेल सोडावं. बहुतेक वेळा लाकूड अडकलेलं नसतंच. आपण हौसेनं दिलेल्या ऑइलपेंटनं झडप आणि चौकट एकमेकांना चिकटवलेली असतात. त्यावर पातळ पातं घेऊन सांधा सावकाश चिरत जायचं. एका कोपऱ्यावर जोर केला की झडप पिळवटते आणि तावदान जातं.

मिस्त्री रंग खरवडू लागले आणि मी खुर्ची ओढून बसलो. वरचा आयव्हरी माझ्या मुलीच्या लग्नातला. खाली गुलाबी, तो कुणी निवडला हे घरात आजवर कुणी कबूल केलेलं नाही. काचांच्या कडेला खाकी कागदाच्या चिंध्या निघाल्या. त्या डिसेंबर १९७१ च्या, ब्लॅकआऊटच्या. उघडतच नसलेल्या खिडकीलाही आमच्या काकांनी मन लावून कागद चिकटवले होते. त्याखाली हिरवा. आणि हिरव्याखाली पात्यानं खर्रकन् आवाज केला.

"साहेब, ही अडकलेली नाही. ही ठोकलीय."

चौकटीत तिरपे मारलेले खिळे, चांगले तीन-तीन इंची.

"अकरा असतील," दारातून आत्या म्हणाली. कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे. "मीच धरून दिले होते दादांना."

दादा म्हणजे माझे आजोबा. १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेतचं धरण फुटलं, मागोमाग १८७९ चं खडकवासल्याचं गेलं, आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. आमचं जोतं दगडी. वरच्या मजल्यावर माणसं वाचली. मागच्या वाड्याच्या भिंती पांढऱ्या मातीच्या. पाण्यात त्या ढेकळासारख्या विरघळल्या. आजोबा या खिडकीत उभे होते. पलीकडच्या खिडकीत त्यांचे बुद्धिबळाचे भिडू उभे होते, आणि मग ती खिडकी नव्हती. भिडूंना दुसऱ्या दिवशी मंडईच्या बाजूला कुणीतरी जिवंत पाहिलं म्हणे. ते पेठेत परत कधी आले नाहीत. पाणी ओसरल्यावर आजोबांनी चिखल काढायच्याही आधी खिळे आणले.

"कुणी विचारलं तर सांगायचं, पुरानं फुगलीय," आत्या म्हणाली. "साठ वर्षं सांगतेय."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, मी आत्याकडे. ती कॉटवर टेकली, दोनतीनदा श्वास ओढला आणि म्हणाली, "काढा हो. आता कोण बघणारंय तिकडे."

खिळे अकराच निघाले. झडप आत आली ती मात्र मिस्त्रींच्या अंगावरच, साठ वर्षांच्या धुळीसकट. पलीकडे पाच मजली सोसायटीची भिंत आणि कुणाच्या तरी एसीची पेटी. तरी वारा आला, थोडा ओला. आत्या बराच वेळ त्या भिंतीकडे बघत राहिली. मग तिनं मिस्त्रींना कडी नवी बसवायला सांगितली, "आणि पितळी नको. चोरतात."