अमक्याची आई, तमक्याची बायको

मतदारयादीच्या कामासाठी मी मास्तर म्हणून घरोघर फिरत होतो. एका ओसरीवर तांदूळ निवडीत बसलेल्या आजीबाई मानही वर न करता म्हणाल्या, "नाव कशाला? लिहा, थोरल्याची आई!"

मला हसू आले, पण लगेच आठवली ती आपली पहिली सार्वत्रिक निवडणूक, १९५१-५२ची. तिच्या याद्या करणाऱ्यांना हेच उत्तर ठायी ठायी मिळाले होते. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत, विंध्य प्रदेश या भागांत बाया परक्या पुरुषाला आपले नाव सांगेनात. कारकुनांनी बिचाऱ्यांनी 'अमक्याची आई, तमक्याची बायको' असे लिहून घेतले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन हे गणिताचे विद्वान. त्यांना ही नोंद चालेना. नावे नीट करून घेण्यास सांगूनही जी झाली नाहीत, ती गाळली गेली. सुमारे आठ कोटी स्त्रियांपैकी अठ्ठावीस लाख!

हिशेबी माणूस म्हणून सेन यांचे मला पटते. 'रामाची बायको' एकेका गावात दहा निघतील. मतदानाच्या दिवशी ओळख कशी पटवायची? पण त्या बायांचे मत बुडाले, हेही तितकेच खरे. शिवाय टक्केवारी काढताना भाजक म्हणून घेतात ती ही यादीच. ज्या यादीतच नाहीत, त्या मत न देणाऱ्यांतही मोजल्या जात नाहीत.

त्या टक्केवारीचीही एक गंमत आहे. मतदार १७ कोटी ३२ लाख, लोकसभेची वैध मते १० कोटी ५९ लाख. शाळेतला पोरगा भागाकार करून एकसष्ट टक्के सांगेल. पण तेव्हा ८६ मतदारसंघ दोन जागांचे होते, एक तर तीन जागांचा. तिथे एकेकाला तितकी मते. त्या जादा मतांचा हिशेब धरला की आकडा पंचेचाळीसच्या आसपास उतरतो. त्यातही एखाद्याने दोनांपैकी एकच मत दिले असेल, तर माणूस पुरता आलेला आणि आकड्यात अर्धाच! म्हणून जुन्या निवडणुकांचे आकडे पुस्तकात दिसले, की ते मतांचे की माणसांचे, हे मी आधी पाहतो.

आजीबाईंनी अखेर हळूच नाव सांगितले. शेजारी बसलेला नातू डोळे विस्फारून म्हणाला, "आजी, तुलापण नाव आहे?"