बांध कोणाचा?

अन्नसुरक्षा म्हटले की डोळ्यांपुढे रेशनचे दुकान आणि सरकारी गोदाम उभे राहते. आम्हा खाडीकाठच्या गोवेकरांना मात्र आधी बांध आठवतो.

मांडवी, जुवारी आदी नद्यांच्या काठी सुमारे १८,००० हेक्टर खाजन जमीन आहे. कोकणात हिलाच खारभूमी म्हणतात, कुमठ्याकडे गजनी. भरतीच्या पाण्याखालची ही दलदल माणसांनी चिखलाचे बांध घालून मिळवली आणि बांधात लाकडी दारांचे मानस बसवले. भरती आली की पाण्याच्या दाबाने दार मिटते. ओहोटीला आतले पाणी ते उघडते. पावसाने जमिनीतले मीठ धुऊन निघाले की खारटपणा सोसणारे कोरगुट भात तिथे उभे राहते.

हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. एक भगदाड पडले तरी अनेकांची शेते खारी होतात. म्हणून बांध राखण्याचे काम गावकारीचे होते. अफोंसो मेशियाने १५२६ साली तिसवाडीच्या चालीरीतींचा फोराल लिहिला, तेव्हाच ही संस्था जुनी झालेली होती. जमीन गावाची, ती लिलावाने कसायला द्यायची, उत्पन्नातून सरकारी सारा भरायचा, गावाचा व बांधांचा खर्च भागवायचा आणि उरेल ते गावकारांत वाटायचे. या व्यवस्थेतील क्रम मला मोलाचा वाटतो: आधी बांध, मग वाटणी.

गावकारी म्हणजे रामराज्य होते, असे मात्र मी म्हणणार नाही. तिथे आवाज होता तो वंशपरंपरागत गावकार पुरुषांचा. चिखलात राबणारे कूळ बाहेरच राही. शिवाय पोर्तुगीज अमदानीच्या अखेरीस गोव्याला तांदूळ बाहेरून आणावाच लागे. १९६४ चा कूळ कायदा न्यायाचाच होता. १९७६ च्या दुरुस्तीने कूळ जमिनीचे मालक मानले गेले आणि बांधांची निगा कुळांच्या संघांकडे आली. पण मानशीतल्या मासळीचा लिलाव भातापेक्षा किफायतशीर ठरू लागला. मासळी आत यावी म्हणून कित्येक ठिकाणी दारे अवेळी उघडी राहिली, आणि भाताच्या जागी खारे पाणी साचले.

दरम्यान १९६२ च्या नियमनाने ग्रामपंचायती आल्या होत्या. १९९२ च्या ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी २९ विषयांची यादी दिली. तीत शेती आहे, लघुसिंचन आहे, सार्वजनिक वितरण व्यवस्थाही आहे. यादीतला विषय पंचायतीच्या हाती सोपवणे मात्र राज्याच्या मर्जीवर राहिले.

तरीही ग्रामसभेपाशी एक गोष्ट आहे, जी गावकारीपाशी नव्हती. तिथे बाईमाणूस, भूमिहीन, कूळ, सर्वांना बोलता येते. पावसापूर्वीच्या सभेत रस्ते आणि दिवे यांच्याआधी कोणीतरी उठून विचारले पाहिजे, ‘यंदा बांध कोणी पाहिला?’ शितात मीठ किती असावे हे घरच्या गृहिणीने ठरवावे, शेतात किती असावे हे गावाने.