एअर फ्रायरमध्ये बीफ जर्की : वाळवण्याआधी मांस गरम करणं का गरजेचं?

जर्की म्हणजे मीठ-मसाला लावून वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या. अमेरिकेत अनेक जण ती घरच्या एअर फ्रायरमध्ये करतात. चरबी काढून मांसाचे पातळ काप करायचे, सोया सॉस आणि मिरपूड लावून रात्रभर फ्रीजमध्ये मुरवायचे, मग वाळवायचे.

धोका इथेच असतो. कमी तापमानात मांस वाळतं, पण साल्मोनेला, ई. कोलाय हे जिवाणू मरतातच असं नाही. मांस कोरडं होत जातं तसे ते उष्णतेला जास्त टिकतात. म्हणून अमेरिकेच्या कृषी विभागाचा सल्ला असा : काप आधी ७१ अंश सेल्सिअसपर्यंत गरम करा, त्यानंतर साधारण ५५ ते ६० अंशांवर वाळवा.

एअर फ्रायर इतक्या कमी तापमानावर चालतो का, हे आधी तपासावं. जास्त आचेवर पट्ट्या वरून कडक होतात, आत ओलसर राहतात.

तयार जर्की वाकवली की तडकते, पण तुटत नाही.