राजा, सम्राट, छत्रपती : पदव्यांचे चढउतार

१/११
सम्राट अशोक, बादशहा अकबर, छत्रपती शिवाजी महाराज, महाराणी व्हिक्टोरिया. ही नावे आपण पदवीसहच उच्चारतो. परंतु ती पदवी त्या व्यक्तीने स्वतः धारण केली होती का आणि तेव्हा तिचा अर्थ काय होता, हे क्वचितच विचारतो. या धाग्यात त्याचा मागोवा घेऊ.

२/११
आरंभ अशोकापासून. अफगाणिस्तानापासून कर्नाटकापर्यंत त्याचे लेख सापडले आहेत. आपल्या नालासोपाऱ्यातही त्याच्या शिलालेखाचे तुकडे मिळाले. या लेखांत तो स्वतःला 'देवानंपिय पियदसि राजा' म्हणवतो. 'सम्राट' हा शब्द त्यांत कोठेही नाही. एवढ्या विशाल सत्तेच्या धन्याला 'राजा' हा शब्द पुरेसा होता.

३/११
मग 'सम्राट' म्हणजे कोण? ऋग्वेदात हे विशेषण वरुणासारख्या देवांना लावलेले आढळते. शतपथ ब्राह्मणानुसार राजसूय यज्ञाने 'राजा' होतो, तर वाजपेयाने 'सम्राट'. म्हणजे येथे पदवीचा आधार यज्ञ आहे, राज्याचा विस्तार नव्हे. पहिल्याच शिलालेखात पशुबळीस मनाई करणाऱ्या अशोकाने ती मिरवली नाही, यात फारसे नवल नाही.

४/११
ही पदवी खरोखर धारण करणारा एक राजा आपल्याच भूमीतला आहे : विदर्भाचा वाकाटक नृपती पहिला प्रवरसेन. वाकाटक ताम्रपटांत त्याच्या नावे चार अश्वमेध आणि वाजपेय यांची नोंद आहे आणि त्यालाच 'सम्राट' म्हटले आहे. त्याचे वंशज मात्र केवळ 'महाराज' म्हणवून घेतात.

५/११
पदव्या नाण्यांसारख्याच असतात. अधिक पाडल्या की मोल घटते. इराणच्या 'राजांचा राजा' या कल्पनेतून पुढे 'शहेनशाह' आला, तर कुषाणांनी 'राजातिराज' स्वीकारले. गुप्तकुळातील पहिले दोघे 'महाराज' होते. पहिल्या चंद्रगुप्तापासून 'महाराजाधिराज' सुरू झाले. पुढे 'महाराज' ही पदवी सामंतही लावू लागले.

६/११
येथेच अभ्यासकाची कसोटी लागते. गुप्तकन्या प्रभावतीगुप्ताच्या पुणे ताम्रपटात तिचा पिता 'महाराजाधिराज' आहे आणि वाकाटक पती 'महाराज'. एवढ्यावरून वाकाटकांना गुप्तांचे मांडलिक ठरवणे धोक्याचे आहे. प्रत्येक घराण्याची पदव्यांची परंपरा वेगळी असते.

७/११
मध्ययुगात फारसी 'पादशाह' आला. बाबराने १५०७ मध्ये काबूलला ही पदवी घेतली. मराठीत तिचे 'पातशहा' झाले आणि दिल्लीच्या मुघलांप्रमाणेच विजापूरच्या आदिलशहालाही लागले. सर्वोच्च सत्ता म्हणजे पातशाही, असे समीकरण रूढ झाले.

८/११
या पार्श्वभूमीवर ६ जून १६७४ चे महत्त्व ध्यानात येते. राज्याभिषेकसमयी महाराजांनी 'पातशहा' वा 'सुलतान' न घेता 'छत्रपती' स्वीकारले. छत्र हे सार्वभौमत्वाचे प्राचीन चिन्ह. शिवराईच्या एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' असे शब्द आहेत. 'राजा' म्हणण्यात उणेपणा असता, तर तो शब्द त्यांच्याच नाण्यावर आला नसता.

९/११
पदवी आणि प्रत्यक्ष सत्ता यांची फारकतही मराठेशाहीत दिसते. अठराव्या शतकात कारभार पुण्यातून चाले, पण पेशवाईची वस्त्रे साताऱ्याच्या छत्रपतींकडूनच येत. पेशव्यांच्या शिक्क्यात आधी छत्रपतींचे नाव आणि मग स्वतःचा 'मुख्य प्रधान' असा उल्लेख असे. सत्ता हाती होती, तरी छत्र दुसऱ्याचे होते.

१०/११
१ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणी 'कैसर-इ-हिंद' म्हणून घोषित झाली. 'कैसर' म्हणजे रोमचा सीझर. जर्मनांचा 'कैसर' आणि रशियाचा 'झार' ही त्याचीच रूपे. हिंदुस्थानचे सम्राटपद ब्रिटिश राजाने १९४८ मध्ये सोडले. आज सम्राट म्हणावा असा राज्यप्रमुख जगात एकच उरला आहे, जपानचा.

११/११
आपल्या बोलण्यात मात्र सम्राटांना तोटा नाही. 'साखरसम्राट' आणि 'शिक्षणसम्राट' यांत उपहास आहे, 'तमाशासम्राज्ञी' विठाबाईंच्या पदवीत निखळ आदर. लग्नघरचा आचारी 'महाराज' आणि कीर्तनकारही 'महाराज'. उलट, छत्रपतींच्या सेवकाचा 'पंतप्रधान' हा शब्द आज देशाच्या कारभाराचे सर्वोच्च पद दाखवतो.

म्हणून पुढच्या वेळी कोणी 'नुसते राजा का म्हटले?' असा वाद घातला, तर रागावण्याआधी विचारा : हा शब्द कोणत्या काळचा आणि कोणाच्या लेखातला? आदर मनात असावा. अर्थ मात्र साधनांतच शोधावा.