शाडू, प्लास्टर आणि नाकावरचा रुमाल

पेणच्या गणपतीवर गेल्या पंधरा वर्षांत जे काही लिहिलं-बोललं गेलं, त्यातलं बहुतेक पाण्याबद्दल आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये मूर्ती विसर्जनाची मार्गदर्शक तत्त्वं काढली, मे २०२० मध्ये ती सुधारून प्लास्टर ऑफ पॅरिसला (पीओपी) नकार दिला, आणि जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पीओपीच्या मूर्ती घडवायला मोकळीक दिली, पण नैसर्गिक पाण्यात त्या परवानगीशिवाय सोडायला नाही. तळी, नद्या, खाड्या, मासे, सगळ्यांची बाजू मांडली गेली, आणि ती मांडायलाच हवी होती. पण मूर्ती पाण्यात जाते ती एकदाच. त्याआधी कित्येक महिने ती कुणाच्या तरी नाकासमोर घासली जाते, रंगवली जाते. त्या हवेची बाजू या वादात जवळजवळ आलीच नाही. कारखान्यात कोणता मास्क वापरावा, हा प्रश्न त्यामुळे दुकानदाराच्या भरवशावर राहिला, आणि दुकानदार हाताशी असेल तो देतो. खरं तर या प्रश्नाचं उत्तर धंद्याच्या इतिहासात आहे. पेणमध्ये मूर्तीचा माल बदलला, मग रंग लावण्याची रीत बदलली, आणि दोन्ही वेळा हवेत मिसळणारी गोष्ट निराळी झाली. नाकावर मात्र पहिल्या काळातला रुमालच राहिला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, रायगड जिल्ह्याला कुलाबा म्हणत त्या काळात, पेणमध्ये मूर्ती घडवायला सुरुवात झाली. अंतोरा बंदरातून खाडीने मुंबई जवळ होती, आणि १८९३ नंतर सार्वजनिक उत्सव वाढला तशी मागणीही वाढली. माल होता शाडू. शाडूचं काम ओलं असतं. माती भिजवायची, मळायची, साच्यात दाबायची, आणि बाहेर काढल्यावर पाण्याचा हात फिरवून अंग गुळगुळीत करायचं. ओल्या मातीतून धूळ उडत नाही. रंगही कुंचल्याने लागायचा, आणि कुंचल्यावरचा रंग हवेत पसरत नाही. या कामात तोंडावर फडकं बांधलं काय आणि न बांधलं काय, फारसा फरक पडत नव्हता. म्हणून ‘आमच्या आज्याने जन्मभर गणपती केले, त्याने कुठे मास्क लावला होता?’ या सवालात एक खरी गोष्ट आहे. आज्याला त्याची तितकी गरज नव्हती. नातू जे करतो ते आज्याचं काम नाही, हे मात्र त्या सवालात विसरलं जातं.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्लास्टर ऑफ पॅरिस आलं आणि धंद्याचा वेगच बदलला. जिप्सम हा खडक साधारण दीडशे अंशांवर भाजला की त्यातलं पाऊण हिस्सा पाणी उडतं. उरलेल्या भुकटीत पुन्हा पाणी घातलं की ती काही मिनिटांत घट्ट होते. रबरी साचा, थोडा काथ्या, आणि शाडूच्या मानाने हलकी, प्रवासात न तडकणारी मूर्ती तयार. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत, दादर अशी गावंच्या गावं त्यावर उभी राहिली. कच्ची मूर्ती गाडीत भरून दूरवर जाऊ लागली, परदेशची खेप तर उत्सवाच्या कितीतरी आधी जहाजावर चढू लागली. पण प्लास्टर सुरुवातीला आणि शेवटी कोरडंच असतं. पोतं फोडून भुकटी घमेल्यात ओतताना एक लोट उठतो. साच्यातून निघालेल्या मूर्तीवर दोन भागांच्या जोडाची रेघ असते. ती पात्याने तासायची, खड्डे भरायचे, आणि वाळल्यावर पॉलिश पेपरने घासायचं, तेव्हा दुसरा लोट उठतो. हे फिनिशिंग बसून, मूर्ती मांडीजवळ घेऊन केलं जातं, म्हणजे धूळ आणि नाक यांच्यात वीतभर अंतर असतं. केसांवर, भुवयांवर बसलेली पांढरी पूड दिसते, पण ती त्रासाची खरी बाब नाही. जाड कण नाकात अडकतात, शिंकेबरोबर बाहेर पडतात. फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात ते चार-पाच मायक्रॉनच्या आतले कण. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो, यावरून त्यांचा अंदाज यावा. सुती रुमालाच्या विणीतून ते सहज आरपार जातात, आणि कडांमधून तर त्याहून सहज.

तिसरा बदल रंगाचा. कॉम्प्रेसर आला, स्प्रे गन आली, आणि कुंचल्याला जिथे तास लागायचा तिथे मिनिटं पुरू लागली. या यंत्राचा उगम मजेशीर आहे. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात अ‍ॅलन डी-व्हिलबिस नावाच्या डॉक्टरने रुग्णाच्या घशात औषधाचा फवारा मारण्यासाठी एक उपकरण तयार केलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच्या मुलाने तेच तत्त्व रंगाला लावलं. घसा बरा करणारा फवारा असा रंगाऱ्याच्या घशात रंग घालू लागला. फवाऱ्याचं कामच मुळी द्रवाचे बारीक थेंब करण्याचं. त्यातले काही मूर्तीवर बसतात, बाकीचे हवेत तरंगतात. शिवाय रंग थिनरमध्ये पातळ केलेला असेल, तर टोल्युइन, झायलीनसारख्या द्रव्यांची वाफ होते, आणि वाफ म्हणजे कण नव्हे. इथेच मास्क निवडताना सर्वांत मोठी चूक होते.

कण आणि वाफ यांना अडवण्याच्या रीती वेगळ्या आहेत, हे युरोपात दीडशे वर्षांपूर्वीच कळलं होतं. मोडेनाच्या बर्नार्दिनो रामाझ्झिनीने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात कुंभार, रंगारी आणि जिप्सम-चुन्यात काम करणारे यांचा वेगवेगळा विचार आहे, पण उपाय म्हणून त्याच्या हाती फारसं काही नव्हतं. १८५४ मध्ये जॉन स्टेनहाउस या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने कोळशाच्या भुकटीचा मास्क केला, कारण कोळसा वायू धरून ठेवतो. १८७१ मध्ये जॉन टिंडलने आगीच्या धुरात शिरणाऱ्या बंबवाल्यांसाठी ग्लिसरीनने ओला केलेला कापूस आणि कोळसा एकत्र बसवला, कापूस कणांसाठी आणि कोळसा वायूंसाठी. आजच्या मास्कवर बसणारं कार्ट्रिज याच विचारावर चालतं. पहिल्या महायुद्धात विषारी वायूंविरुद्ध कोळसा कमी पडू लागला तेव्हा अमेरिकेत फळांच्या कोयी आणि नारळाच्या करवंट्या गोळा केल्या गेल्या, कारण करवंटीच्या कोळशात अतिसूक्ष्म छिद्रं भरपूर असतात. आजही चांगल्या कार्ट्रिजमध्ये तोच कोळसा असतो. आमच्या किनाऱ्यावर करवंटी चुलीत जाते, तो भाग वेगळा.

तेव्हा घासकामाला कार्ट्रिजची गरज नाही आणि थिनरच्या रंगकामाला नुसता एन-९५ पुरत नाही. एन-९५ हे नाव २०२० मध्ये घराघरात पोचलं, आणि त्याबरोबर हा सर्वच गोष्टींवरचा मास्क आहे असा समजही पोचला. तो ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे किमान ९५ टक्के कण अडवतो. वाफ त्यातून जशीच्या तशी आत येते. त्यातलं ‘एन’ हे अक्षरच सांगतं की तो तेलकट थेंबांसाठी केलेला नाही. प्लास्टर घासायला मात्र तो उत्तम; भारतीय मानक आयएस ९४७३ प्रमाणे पाहायचं तर एफएफपी-२ दर्जाचा. थिनरमधला सोनेरी किंवा चकचकीत रंग मारायचा असेल, तर रबरी अर्धमुखी रेस्पिरेटर, त्याला सेंद्रिय वाफेची कार्ट्रिजं, आणि कार्ट्रिजवर कणांचा फिल्टर. दोन डब्यांचे घट्ट रंग मिसळून मारत असतील तर त्यात असू शकणाऱ्या आयसोसायनेट या द्रव्याला धोका कळेल असा वास नसतो, आणि तिथे बाहेरून नळीने हवा पुरवणारी साधनंच खरी. पाण्यात मिसळणाऱ्या रंगाला वाफेची भीती नाही, असं कारखानदार म्हणतात, ते बरंचसं बरोबर आहे. अशा रंगाला कणांचा मास्क बहुधा पुरतो, आणि म्हणूनच शक्य तिथे रंगच बदलणं कार्ट्रिजपेक्षा स्वस्त पडतं. पण थेंब तर तिथेही उडतात, आणि त्यात रंगद्रव्य असतंच.

आता सर्वांत जोरदार आक्षेप: पुन्हा शाडूकडे वळलो की हा सगळा प्रश्नच मिटला. पाण्याच्या बाजूने हे म्हणणं पटतं. हवेच्या बाजूने ते अर्धवट आहे. शाडू ओला असेपर्यंत निरुपद्रवी, पण वाळलेली शाडूची मूर्ती पॉलिश पेपरने घासली तर जी धूळ उडते तिच्यात चिकणमातीबरोबर स्फटिकी सिलिका येऊ शकते, आणि ती जिप्समच्या धुळीपेक्षा वाईट. इंग्लंडच्या स्टोक-ऑन-ट्रेंटमधल्या कुंभारांचा, आपल्याकडे मंदसौरच्या पाटीपेन्सिल कामगारांचा आणि खंभातच्या अकीक घासणाऱ्यांचा जीव याच सिलिकाने घेतला. सिलिकोसिस सहसा दहा-वीस वर्षांनी दिसतो आणि पुष्कळदा क्षय म्हणूनच औषध चालू होतं. शाडू आज्याच्या काळात सुरक्षित होता तो मातीच्या गुणामुळे नव्हे, पाण्याच्या हातामुळे. जुना माल परत आणून नव्या घाईने तो कोरडा घासायचा, हे दोन्हीकडून नुकसान आहे. जुन्या रंगांचंही तसंच. ‘नैसर्गिक’ म्हटलं की मन निवांत होतं, पण आपल्या परंपरेतला शेंदूर शिशाचा, हिंगूळ पाऱ्याचा आणि हरताळ सोमलाचा. कुंचल्याने लावताना त्यांचा धोका मर्यादित होता. फवाऱ्यात कुणी घातले तर तो मर्यादित राहणार नाही.

मास्क घालून काम होत नाही, जीव गुदमरतो, ही तक्रार खोटी नाही. रंगकामाचा जोर जून ते ऑगस्ट, म्हणजे ऐन पावसात. पाऊस आत येऊ नये म्हणून शेडला चारी बाजूंनी प्लास्टिक बांधलेलं, त्यामुळे वाफ बाहेर जात नाही, आणि दमट हवेत कोळशाची छिद्रं पाण्यानेच भरत असल्याने कार्ट्रिजही लवकर संपतं. याचं उत्तर मास्क टाकून देणं नसून त्याचा भार कमी करणं हे आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याचं कलम १४ हेच सांगत होतं: धूळ आणि वाफ जिथे निघते तिथेच ती ओढून घ्या. म्हणजे आधी एका बाजूला बाहेर फेकणारा पंखा, मूर्ती पंख्याच्या आणि कारागिराच्या मधे, घासताना पॉलिश पेपर ओला, आणि मग मास्क. गोची अशी की हा कायदा मुळात विजेवर चालणाऱ्या, दहा किंवा अधिक कामगारांच्या ठिकाणी लागू होता, आणि २०२० च्या नव्या संहितेने तो आकडा वीसवर नेला. ओसरीवर पाच-सहा जणांनी, त्यात बऱ्याच बायकांनी, कच्च्या मूर्ती घासायच्या, अशा कामाला तो कायदा शिवत नव्हता आणि संहिताही शिवत नाही. त्यामुळे सरकारी निरीक्षकाची वाट पाहण्यात अर्थ नाही.

खर्च कुणी करायचा, एवढंच मग उरतं. धुळीचा मास्क फार महाग नसतो, अर्धमुखी रेस्पिरेटर एकदाच घ्यायचा आणि कार्ट्रिजं हंगामात बदलायची. रोजावर काम करणाऱ्याने तो स्वतः आणावा, ही अपेक्षा गैर आहे. मूर्तीच्या दरात काथ्या धरतात, चमकी धरतात, तसा मास्कही धरला पाहिजे, आणि गावातल्या कारखानदारांनी एकत्र मागणी नोंदवली तर दरही खाली येईल. घेताना तीन गोष्टी पाहाव्यात: पाकिटावर मानकाचा आकडा छापलेला आहे का, पट्टे दोन आहेत का, आणि फिल्टरवर तळवे दाबून श्वास आत ओढला की मास्क चेहऱ्याला चिकटतो का. दाढी असेल तर तो चिकटणार नाही. मास्क घातलेला असताना थिनरचा वास आला, की त्या कार्ट्रिजचं काम संपलं. ते त्याच दिवशी बदलावं. काम झाल्यावर ते झाकणाच्या डब्यात ठेवावं, कारण खुंटीला टांगलेलं कार्ट्रिज रात्रभर कारखान्यातली वाफ शोषत राहतं आणि लवकर संपतं.