मेंदूतली गाठ आणि यंत्राचा हात

मंडळी, जुन्नर-आंबेगाव भागात खोडदच्या अजस्र तबकड्यांविषयी न ऐकलेला माणूस विरळाच. 45 मीटर रुंदीच्या, खोडद आणि आसपास मिळून 30 तबकड्या. विजेच्या मोटारी त्यांना हवा तो रोख देतात. पण कुठं पाहायचं, ते शास्त्रज्ञ ठरवतो. मेंदूच्या शस्त्रक्रियेतल्या यंत्रमानवाचीही गोष्ट अशीच आहे, बरं का.

25 नोव्हेंबर 1884 रोजी लंडनमध्ये रिकमन गॉडली यांनी एका तरुण स्कॉटिश शेतकऱ्याची कवटी उघडून मेंदूतली गाठ काढली. ही गाठ बाहेरून दिसत नव्हती. अंगाला झटके कुठं येतात, बळ कुठलं गेलं, यावरून डॉ. ह्यूज बेनेट यांनी तिची जागा ताडली होती. ती बरोबर निघाली; पण जखम चिघळून महिन्याभरात रोगी दगावला. जंतुदोष पुढे आटोक्यात आला, चाचपडणं मात्र राहिलं. आणि मेंदूत चाचपडायचं म्हणजे रोग्याची वाचा, दृष्टी, चालणं पणाला लावायचं!

कवटी न उघडता आत पाहायचं कसं? अनेक दिशांनी घेतलेल्या पट्ट्यांवरून अख्खं चित्र जुळवण्याची रीत रोनाल्ड ब्रेसवेल यांनी 1956 साली मांडली, ती आकाशासाठी. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या गोविंद स्वरूप यांनी पुढे खोडदची दुर्बीण उभारली. त्याच जातीचं गणित माणसाच्या डोक्यालाही लागू पडलं. 1971 साली गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने लंडनमध्ये एका रोग्याच्या मेंदूचं पहिलं सी.टी. चित्र काढलं. त्यात गाठ दिसली.

जागा आकड्यांत सापडली, म्हणूनच ती यंत्राला सांगता आली. 1985 साली कॅलिफोर्नियात लाँग बीच येथे यिक सान क्वो आणि सहकाऱ्यांनी 'प्यूमा' हा कारखान्यातला यंत्रबाहू रोग्याजवळ आणला. रोग्याचं डोकं चौकटीत पक्कं बसवलं होतं. यंत्राने सुईचा रोख धरून ठेवला. तपासणीचा तुकडा घेण्यासाठी सुई आत घातली ती डॉक्टरांनीच.

गुरुजी, मुलांना हे जरूर सांगा. यंत्राचा हात थरथरत नाही, थकत नाही. पण कवटी उघडली की मेंदू जरा सरकतो, आणि आधीचं चित्र चुकू लागतं. तिथं जाणता माणूसच लागतो.

आणि घरच्यांचंही काम आहेच. अचानक फीट आली, वाढती डोकेदुखी आणि उलट्या सुरू झाल्या, हातातलं बळ गेलं, तर अंगारे-धुपाऱ्यांत दिवस घालवू नका, दवाखाना गाठा. 1884 सालच्या त्या शेतकऱ्याप्रमाणे आजही पहिली खबर शरीरच देतं.