कारवानी कीं पश्मी?

गेल्या चैत्रांत आमच्या घरीं एक वाद उपस्थित झाला. तेरा वर्षें दाराशीं राखण करणारा आमचा गांवठी मोती माघांत वारला, आणि त्याच्या जागीं कोणास आणावें यावर मुलांचे दोन पक्ष पडले. चिरंजिवांस कारवानी हवा, कन्येस पश्मी. दोन्ही जाती विरळ, आणि दोहोंचे कैवारी सारखेच हट्टी. इतिहास शिकविणाऱ्या बापास पंच नेमण्यांत आलें. तेव्हां निवाडा देण्यापूर्वीं उभय पक्षांची वंशावळ तपासणें क्रमप्राप्तच होतें.

नांवांपासून आरंभ करूं. 'कारवान' हा शब्द फारसी. अर्थ व्यापाऱ्यांचा तांडा. 'पश्म' हाहि फारसीच, अर्थ लोंकर. केस आंखूड व अंगाबरोबर बसलेले तो कारवानी. कान, पाय व शेंपूट यांवर रेशमासारखी झालर तो पश्मी. हे प्राणी इराणाकडून तांड्यांबरोबर दक्षिणेंत आले, असें परंपरा सांगते. आणि अरबस्थान-इराणांतील सलुकी कुत्र्याशीं पश्मीचें साम्य पाहतां हें अनुमान निराधार म्हणवत नाहीं. विजापूरच्या आदिलशाहींत (१४९०–१६८६) तिकडील माणसांची व घोड्यांची आवक मोठी होती. त्यांच्याबरोबर कुत्रींहि आलीं असल्यास नवल नाहीं.

तथापि दख्खनचा हा शौक आदिलशाहीहून जुना आहे. चालुक्य सोमेश्वराच्या बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' ग्रंथांत मराठीचे जुने पद्यांश सांपडतात, म्हणून आपल्या अभ्यासकांस तो परिचित आहे. त्याच ग्रंथांत 'सारमेयविनोद' या नांवानें शिकारी कुत्र्यांविषयीं स्वतंत्र प्रकरण आहे. तेव्हां बाहेरचें रक्त व इथलें रक्त मिसळून ही प्रजा घडली असें मानणें मला अधिक सयुक्तिक वाटतें.

पुढें या कुत्र्यास राजाश्रय मिळाला तो मुधोळास. ज्या घराण्यांतील बाजी घोरपड्यानें १६४८ सालीं शहाजीराजांस कैद करण्यांत भाग घेतला, त्याच घराण्यांतील मालोजीराव घोरपडे यांनीं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत आपल्या संस्थानांतील पारध करणाऱ्या लोकांजवळचीं हीं कुत्रीं निरखिलीं, त्यांची निपज करविली, आणि एक जोडी पंचम जॉर्ज बादशहांस नजर केली. तेव्हांपासून 'मुधोळ हाउंड' हें नांव रूढ झालें. आजहि देशांतील श्वानसंस्थांपैकीं एक याच प्राण्याची नोंद 'मुधोळ' म्हणून करिते, तर दुसरी 'कारवान' म्हणून. राजवाड्यानें नांव दिलें खरें. परंतु त्याआधीं अनेक पिढ्या, वेगवान तेवढीं पिलें राखून, ही जात घडविली ती शेतकरी, धनगर व पारधी यांनीं. त्यांचीं नांवें कोणत्याहि दप्तरांत नाहींत.

येथें मुलांच्या वादाचा अर्धा पायाच ढांसळतो. सलुकींत झालर असलेले व नसलेले असे दोन्ही प्रकार एकाच जातींत गणतात. कारवानी व पश्मी यांतील अंतरहि मुख्यतः कातडीवरचें आहे. कातडीखालीं दोघे एकच: लांब निमुळतें डोकें, खोल छाती, आंत ओढलेलें पोट, खांद्याशीं सुमारें सत्तावीस इंच उंची; आणि वासावर नव्हे तर नजरेवर धांवण्याची उपजत वृत्ति. दूरवर ससा हलला कीं मालकाची हांक त्याच्या कानांत शिरत नाहीं.

दुर्मिळतेचें मूळहि याच धांवण्यांत आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकार गुन्हा ठरली, व ती योग्यच ठरली. पण या कुत्र्याचा पिढीजात धंदा त्याबरोबर बुडाला. शहरांतील हौस अल्सेशियनसारख्या विदेशी जातींकडे वळली होतीच. अलीकडे मात्र दिवस पालटले आहेत. २००५ सालीं मुधोळ कुत्र्याचें टपाल तिकीट निघालें. मुधोळाजवळ तिम्मापूर येथें कर्नाटकानें संवर्धन केंद्र स्थापिलें. मेरठला लष्करानें यांस शिकवून पाहिलें. पण मान मिळणें निराळें आणि काम मिळणें निराळें.

आतां आमच्या गोरेगांवाकडे येतों. हा भाताचा प्रदेश. चार महिने चिखल, पुढें कुसळें, आणि गोचिडांचा उपद्रव बारमाही. अशा मुलुखांत पश्मीची झालर रोज विंचरणें हें कन्येचें काम पहिल्या आठवड्यांत तिच्या आईकडे जाणार, हें मी अनुभवानें जाणतों. म्हणून दोहोंत निवड करावयाची तर कारवानीच.

परंतु खरा प्रश्न त्यापुढें आहे. नागझिऱ्याचें अभयारण्य (१९७०) आमच्याहून फार दूर नाहीं. २०१३ पासून तो व्याघ्रप्रकल्पाचा भाग आहे, आणि तेथील रानकुत्रीं प्रसिद्ध आहेत. रानाच्या कडेला मोकळा सुटलेला कारवानी चितळाच्या पाडसामागें धांवणार. त्यांत दोष त्याचा नव्हे, सोडणाऱ्याचा. शिवाय लस न टोंचलेल्या पाळीव कुत्र्यांकडून डिस्टेंपर व रेबीज हे रोग रानकुत्र्यांत पसरूं शकतात. उलट त्यास तीस हातांच्या अंगणांत सांखळीला बांधणें म्हणजे शेंकडों वर्षांचा इतिहास खुंटीला टांगणें होय. घोडा बाळगणारा तबेला आधीं बांधतो. आपण कुत्रा मात्र चित्र पाहून आणतों.

तेव्हां निवाडा असा दिला: कौल कारवानीच्या बाजूचा, मात्र बजावणी तहकूब. थोरल्या बंधूंच्या मळ्याला पुरुषभर उंचीचें कुंपण पडावें, सकाळ-सांज त्याला तेथें धांवविण्याची पाळी दोन्ही मुलांनीं लेखी पत्करावी, आणि लसीचा खर्च चिरंजिवांनीं स्वतःच्या पगारांतून द्यावा. मग हुकूमनामा अमलांत येईल. कन्येनें सही केली. चिरंजीव विचार करीत आहेत. मोतीची पितळी वाटी ओसरीवर अद्याप पालथी आहे. ती उताणी करण्याची घाई मला नाहीं.